सार्वजनिक मंडळावर बसणाऱ्यांचं मानधन नक्की ठरवतं कोण?

कर्वेनगरकर

आमचे मामा अभियांत्रिकी कॉलेजातून स्थापत्य शाखेचे विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हा त्यांचा हयातभराचा विषय. मागच्या आठवड्यात त्यांना एका सार्वजनिक कंपनीच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून याल का, अशी विचारणा झाली. कंपनीत राज्य सरकार आणि महापालिका दोघांचं भागभांडवल आहे. नाव मुद्दाम देत नाही.

मामा सरळ माणूस. फोनवरच विचारून मोकळे झाले, "बैठकीचे किती देता?" पलीकडून उत्तर आलं, "सर, ते मंडळच ठरवतं. म्हणजे तुम्ही आलात की तुम्हीसुद्धा."

तेव्हापासून मामांच्या डोक्यात भुंगा शिरलाय. ज्या टेबलाशी मी बसणार, त्या टेबलाचा भत्ता मीच ठरवायचा? उद्या कुणी माहितीच्या अधिकारात विचारलं तर तोंड कुठे लपवू? मामी म्हणतात, आधी डेक्कनपर्यंतचं रिक्षाभाडं तरी सुटतंय का ते बघा.

तर जाणकारांनी सांगावं. नगरसेवक, महामंडळं, लोकसेवा आयोग, सरकारी कंपन्या... या सगळ्या ठिकाणी बसणाऱ्यांचे पैसे कोण ठरवतं? किती मिळतात यापेक्षा कोण ठरवतं, हे हवंय. राजकीय धुळवड नको, प्लीज.

---

चिंचेची_तालीम

"धुळवड नको" असं लिहिलं की हमखास होते. जागा धरून ठेवतो.

---

दापोडीपलीकडे

नगरसेवकांपुरतं मी सांगतो. दर ठरवतं राज्य सरकार, पैसे जातात पालिकेच्या तिजोरीतून. २०१७ साली राज्याने महापालिकांच्या वर्गवारीप्रमाणे दर वाढवले. मुंबईला २५ हजार, पुण्या-नागपूरला २० हजार, ब वर्गाला १५ हजार आणि क, ड वर्गाला १० हजार. महिन्याचे बरं का. त्याआधी पुण्यात साडेसात हजार होते.

गंमत बघा, त्या दरांप्रमाणे पुणे आणि पिंपरी-चिंचवड पालिकांच्या हद्दीवरच्या हॅरिस पुलाच्या बोपोडीकडच्या टोकाला नगरसेवकाचे २० हजार आणि पूल ओलांडून आमच्या दापोडीत (पिंपरी-चिंचवड, तेव्हा ब वर्ग) आलं की १५. खड्डे दोन्हीकडे सारखेच.

---

चिंचेची_तालीम

२० हजारात आजकाल फ्लेक्सचा खर्च तरी निघतो का? नगरसेवकाची खरी किंमत "स" यादीत (अंदाजपत्रकातली, नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी) असते हो, मानधनात नाही. कुठला रस्ता उकरायचा, कुठे पुन्हा ब्लॉक बसवायचे, कुठल्या बागेला कमान, हे ज्याच्या हातात त्याला २० हजार म्हणजे चहापाण्याचे.

---

दापोडीपलीकडे

तेच तर म्हणतोय मी. २०१७ च्या निवडणुकीत पुण्यात १६२ नगरसेवक निवडून आले. वीस हजाराने गुणा, बारा महिन्यांनी गुणा, वर्षाचे ३ कोटी ८९ लाखांच्या आसपास येतात. पुणे पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं. म्हणजे शंभर रुपयातले तीन पैसे. त्या तीन पैशांवर पेपरात रकाने भरतात आणि उरलेल्या नव्व्याण्णव रुपये सत्त्याण्णव पैशांच्या निविदा कुणी उघडून बघत नाही.

---

वसुधा_सीएस

कर्वेनगरकर, मी कंपनी सेक्रेटरी आहे, त्यामुळे मामांच्या मूळ प्रश्नाकडे येते. फोनवरच्या माणसाने थट्टा केलेली नाही, नियम खरंच तसा आहे.

कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालचे २०१४ चे नियम सांगतात की संचालकाला बैठकीची फी देता येते, रक्कम संचालक मंडळ ठरवेल, पण एका बैठकीला एक लाखाच्या वर जाता येणार नाही. समितीच्या बैठकांनाही हेच लागू. स्वतंत्र संचालक आणि महिला संचालक यांची फी इतर संचालकांपेक्षा कमी ठेवता येत नाही. स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) मिळत नाहीत. बैठकीला येण्याजाण्याचा खर्च वेगळा मिळतो (मामींना सांगा), आणि भागधारकांनी मंजुरी दिली तर नफ्यातून कमिशन. व्यवस्थापकीय संचालक असलेल्या कंपनीत बाकीच्या सगळ्या संचालकांना मिळून नफ्याच्या एक टक्क्यापर्यंत. पाण्याच्या नाहीतर बसच्या कंपनीत नफा कुठला आलाय, त्यामुळे ते विसरा.

आता मेख. केंद्र किंवा राज्य सरकारांकडे मिळून निदान ५१ टक्के भाग असतील तर ती सरकारी कंपनी. तिला २०१५ च्या अधिसूचनेने मोबदल्याच्या या कलमातूनच सूट दिलेली आहे. म्हणजे तिथे सरकार भागधारक म्हणून काय आदेश काढतं त्यावर सगळं अवलंबून. पालिका म्हणजे राज्य सरकार नव्हे, तेव्हा मामांनी आधी भागधारणा नीट बघावी. निम्मे निम्मे असतील तर चित्र वेगळं.

---

कर्वेनगरकर

वसुधाताई, म्हणजे एक लाखापर्यंत काहीही ठरवा, आणि ठरवणारे तेच? मामांना हे सांगितलं तर ते फोन करून नकार कळवतील.

---

वसुधा_सीएस

एक लाख फक्त मोठ्या खासगी कंपन्यांत दिसतात. तुम्ही म्हणताय तसल्या कंपन्यांत काही हजारांच्या वर जाताना मी तरी पाहिलेलं नाही. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका लागतात, दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. गणसंख्या (लागणारी किमान हजेरी) भरली नाही तर बैठक आपोआप पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. तेव्हा चार अधिक समित्यांच्या दोन-चार असं धरून चला.

आणि ठरवणारे तेच हे खरं असलं तरी रक्कम लपत नाही. ठराव होतो, इतिवृत्तात येतो. गुपचूप वाढवून घेतली असं करता येत नाही.

---

निवृत्त_कक्षाधिकारी

अडतीस वर्षं शासनात काढली, त्यातली बरीच महामंडळांच्या फायलींवर. दोन गोष्टी जोडतो.

एक. मंडळावर जे आयएएस पदसिद्ध किंवा शासननियुक्त म्हणून बसतात, त्यांना बैठकीची फी साधारणपणे मिळत नाही. पगारातच ते काम धरलेलं असतं. केंद्राच्या कंपन्यांत तर हे स्पष्टच आहे. तिथल्या पूर्णवेळ संचालकांचं वेतनही मंडळ ठरवत नाही, ते दिल्लीहून येतं. कंपनीची अ, ब, क, ड अनुसूची ठरलेली असते. १ जानेवारी २०१७ पासून अनुसूची अ च्या अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालकाला २ लाख ते ३ लाख ७० हजार ही श्रेणी, त्याच्या हाताखालच्या संचालकाला १ लाख ८० हजार ते ३ लाख ४० हजार. माणूस कितीही हुशार असो, श्रेणी खुर्चीची असते.

याचा एक परिणाम बाहेर दिसत नाही. टेबलाभोवती दहाजण बसलेत, त्यातल्या सहा-सातांना एक पैसा मिळत नाही आणि तेच बाकीच्यांची फी किती ते ठरवताहेत. साहजिकच ते हात आखडता घेतात. मामांना स्वतःची फी स्वतः ठरवावी लागेल ही भीती कागदावरची आहे. प्रत्यक्षात आयुक्त आणि सचिव मान डोलावतील तेवढंच.

दोन. लोकसेवा आयोगाचं गणित अगदी उलटं. राज्यघटनेच्या कलम ३१८ प्रमाणे सदस्यांच्या सेवाशर्ती राज्यपाल ठरवतात, आणि नेमणूक झाल्यावर त्या सदस्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित, म्हणजे त्यावर विधानसभेत मतदानच नाही. का? आयोगाने एखाद्या मंत्र्याच्या भाच्याला नापास केलं म्हणून पुढच्या अधिवेशनात सदस्यांचा पगार कापला, असं होऊ नये म्हणून.

---

अर्जदार

कक्षाधिकारी साहेबांच्या मुद्द्याला जोडून. अशी भिंत काढून घेतली की काय होतं ते बघायचं असेल तर माहिती आयोगाकडे बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात राज्य मुख्य माहिती आयुक्ताचं वेतन निवडणूक आयुक्ताच्या बरोबरीचं आणि राज्य माहिती आयुक्ताचं मुख्य सचिवाच्या बरोबरीचं, असं कायद्यातच लिहिलं होतं. मुदत पाच वर्षं, तीही कायद्यातच. २०१९ ला दुरुस्ती झाली आणि वेतन नि मुदत दोन्ही केंद्र सरकारच्या नियमांवर सोपवली. नियमांनी मुदत तीन वर्षं केली, राज्याच्या आयुक्तांना २ लाख २५ हजार ठरवले. आकडा वाईट नाही. पण आकडा आता अधिसूचनेने बदलता येतो. माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे मी चिकार दुसरी अपिलं लढवली आहेत, आयुक्ताच्या मानेवर कुणाचा हात आहे याचा फरक पडतो हे माझं ठाम मत.

आणि मामांना सांगा, माहितीच्या अधिकाराला घाबरायचं कारण नाही. कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मासिक मोबदला आणि तो ठरवण्याची पद्धत स्वतःहून जाहीर करायची असते. त्याच पानावर संचालकांची बैठक फीही टाकायला लावा. कुणी अर्ज करायच्या आत वेबसाइटवर असली की प्रश्नच मिटला.

---

पर्वती_पायथा

मला हा सगळा हिशेबच खटकतो. याच पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं व्रत घेतलं. गोखले त्यातलेच. आज निवृत्तीवेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला चार बैठकांचे पैसे कशाला लागतात? सार्वजनिक काम फुकटच करावं. मामांनी सरळ लिहून द्यावं की मी एक पैसा घेणार नाही.

---

लकडीपूल

पंत, गोखल्यांचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ७५ रुपये म्हणजे फुकट नव्हे. त्या काळी त्यात साधेपणाने घर चालायचं. त्या लोकांनी आधी आकडा ठरवला, वीस वर्षांसाठी स्वतःला बांधून घेतलं आणि मग पैशाचा विषय बंद केला. याला फुकट काम म्हणत नाहीत.

फुकटची मंडळं मी आतून पाहिली आहेत. एका शिक्षणसंस्थेच्या मंडळावर तीन वर्षं होतो (नाव नको). साडेतीनशे पानांचं टिपण आदल्या रात्री दहा वाजता ईमेलने यायचं. दुसऱ्या दिवशी अकराला सभा. हजेरीचं रजिस्टर फिरायचं, त्याच्या पाठोपाठ शिपाई ट्रे घेऊन यायचा, ट्रेमध्ये बटाटेवडा आणि वड्याखाली प्रवासभत्त्याचं व्हाउचर. तेलाच्या डागावर सही करायची. कार्यक्रमपत्रिकेवरचे एकवीस विषय पाऊण तासात "मंजूर, मंजूर". एकदा मी बांधकामाच्या वाढीव खर्चावर प्रश्न विचारला तर शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "अहो, आपण इथे मानाने आलोय, कशाला?" मानाने आलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हे मी त्या तीन वर्षांत शिकलो.

---

वसुधा_सीएस

लकडीपूल, कंपनीत निदान हे बेकायदा आहे. बैठकीची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते आणि टिपणंही त्याच वेळी पाठवणं अपेक्षित असतं. तातडीची बैठक हा अपवाद, पण काही ठिकाणी अपवादालाच घर दिलेलं असतं.

पर्वती पायथा यांच्या सूचनेबद्दल. मामा फी नाकारू शकतात, लेखी नाकारावी. पण फी नाकारली म्हणून जबाबदारी कमी होत नाही. स्वतंत्र संचालकाला माहीत असताना, त्याच्या संमतीने किंवा त्याने पुरेशी दक्षता न घेतल्यामुळे काही चुकीचं घडलं, तर कायदा त्याला धरतो. "मी तर पैसेही घेत नव्हतो" हा बचाव नाही. ज्याची सही चालते त्याने वाचायला वेळ दिला पाहिजे, आणि त्या वेळाचे पैसे घेण्यात मला काही गैर वाटत नाही.

---

निवृत्त_कक्षाधिकारी

"मी घेतच नाही" यावरून आठवलं. आमदार-खासदारांच्या बाबतीत तर त्याने सुटकाही होत नाही. जया बच्चन उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. महिना ५ हजार मानधन आणि इतर सोयी मंजूर होत्या, त्यांचं म्हणणं की मी काहीच घेतलं नाही. पण ते 'लाभाचं पद' ठरलं (आमदार-खासदाराला सरकारकडून पैसे मिळू शकतील असं पद) आणि २००६ ला राज्यसभेचं सदस्यत्व गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रत्यक्ष घेतलं की नाही हा प्रश्न नाही, त्या पदातून पैसे घेता येण्यासारखे होते की नाही ते बघायचं. लाभाच्या पदाच्याच वादात त्याच सुमारास सोनिया गांधींनी राष्ट्रीय सल्लागार परिषदेचं पद आणि लोकसभेची जागा सोडली होती.

मामा आमदार नाहीत, त्यांना ही भानगड नाही. पण महामंडळं वाटताना मुंबईत जी डोकेफोड चालते तिच्यामागे लाभाच्या पदाची ही तलवार असते. खर्च भागवण्यापुरता भत्ता असला की चालतो, त्यापुढे गेलं की कायद्याने खास सूट दिलेली आहे का ते बघावं लागतं.

---

चिंचेची_तालीम

आणि आमदार-खासदार स्वतःचा पगार स्वतः ठरवतात त्याचं काय? २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विधिमंडळाने आमदारांचं वेतन ७५ हजारांवरून दीड लाखाच्या पार नेलं. चर्चा शून्य. एरवी एकमेकांच्या अंगावर कागद भिरकावणारे त्या दिवशी एका सुरात.

(सांगितलं होतं ना, होणार म्हणून.)

---

दापोडीपलीकडे

खासदारांनी त्यावर थोडा तोडगा काढलाय. २०१८ ला वेतन एक लाख केलं आणि यापुढे दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढ, असं कायद्यातच टाकलं. त्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली, १ एप्रिल २०२३ पासून १ लाख २४ हजार. निदान दर वेळी स्वतःसाठी बाकं वाजवायची नाटकं बंद झाली.

---

साउथहॉल_सदाशिव

इकडे ब्रिटनमध्ये खासदारांचा पगार २००९ च्या खर्चघोटाळ्यानंतर त्यांच्या हातून काढूनच घेतला आणि स्वतंत्र संस्थेकडे दिला. २०१५ ला त्या संस्थेने ६७ हजार पौंडांवरून एकदम ७४ हजार केला. पक्षांचे नेते ओरडत होते की लोकांना काटकसर सांगताना आम्हाला ही वाढ नको. संस्था म्हणाली, तुमचं मत विचारलेलं नाही. म्हणजे दुसऱ्याने ठरवलं की आकडा कमीच येतो असं काही नाही.

अमेरिकेतली तरतूद मात्र मला फार आवडते. काँग्रेसच्या सदस्यांनी वेतन बदललं तर तो बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू. हा प्रस्ताव १७८९ चा आणि घटनादुरुस्ती म्हणून पुरेशी मंजुरी मिळाली १९९२ ला! आपल्याकडचे दिवाणी दावेसुद्धा लवकर निकालात निघतात.

---

लकडीपूल

सदाशिवराव, हे पटलं. ठरवणारा कोण यापेक्षा ठरवलेलं लागू कधीपासून, इथे खरी चावी आहे. स्वतः ठरवा, पण स्वतःला नको.

---

पर्वती_पायथा

माझं मत बदललेलं नाही, पण लकडीपूल यांचं वडा-व्हाउचर वाचून हसलो. पैसे घ्यायचेच असतील तर पुढच्यांसाठी ठरवा, हे सेवेच्या बरंच जवळ जातं, एवढं मान्य.

---

कर्वेनगरकर

सगळा धागा मामांना छापून दिला. (त्यांना स्क्रीनवर वाचवत नाही. समासात लाल पेनने खुणा करून परत दिला, तुमच्यातल्या तिघांचं शुद्धलेखनही तपासलंय, नावं सांगत नाही.)

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलंय. सध्याची फी ज्या ठरावाने ठरली त्याची प्रत आणि तारीख मागितली आहे. भागधारणा किती टक्के कुणाकडे ते विचारलंय. टिपणं सात दिवस आधी मिळतील याची लेखी हमी हवी म्हणालेत. आणि शेवटी लिहिलंय की माझ्या कारकिर्दीत फी वाढवायचा ठराव आला तर तो पुढच्या नेमणुकांपासून लागू करावा, नाहीतर त्या विषयाला मी बाहेर जाऊन बसेन. वसुधाताई, असं करता येतं का?

---

वसुधा_सीएस

येतं. ठरावात लागू होण्याची तारीख मंडळच घालतं, पुढची घालायला कायद्याची आडकाठी नाही. विषयापुरतं बाहेर बसले तर इतिवृत्तात तशी नोंद करून घ्या, आणि उरलेल्यांची गणसंख्या भरते का ते आधी मोजा, नाहीतर विषयच लटकेल.

एक व्यवहाराचं. फीवर दहा टक्के टीडीएस कापला जाईल, पाच हजार ठरले तर हातात साडेचार. जीएसटी कंपनी स्वतः भरते, मामांना त्यासाठी नोंदणी करावी लागणार नाही. व्हिडिओवरून हजर राहिले तरी फी तीच, प्रवासखर्च अर्थात नाही.

---

अर्जदार

ठरावाची प्रत तीस दिवसांत आली नाही तर सांगा, अर्जाचा मसुदा तयार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प माझ्याकडून.